डाव्या बाजूचा पोचा

पोरं गंज कुठंही लावतात. जहाजाच्या पाठीवर, सपाट पत्र्याच्या मधोमध, जिथं पाणी थांबायला जागाच नाही तिथं. गंज म्हणजे काय पाहुणा आहे, दिसेल त्या खाटेवर बसायला? गंज शिवणीत बसतो, बिजागरीखाली बसतो, रंगाचा पोपडा जिथं उचलला तिथून आत शिरतो. आधी वरचा रंग जातो, मग तांबडा प्रायमर दिसतो, मग उघडा पत्रा, आणि मग गंज. हा क्रम आहे. तो मोडला की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं कळतं.

हे सगळं मी अवकाशात फिरणाऱ्या जहाजांबद्दल बोलतोय. हसायचं असेल तर हसून घ्या.

माझं नाव राजशेखर. मूळचा उदगीरचा, पण पस्तीस वर्षं नांदेडात गाड्या रंगवल्या, त्यामुळं लोक पेंटर म्हणूनच ओळखतात. आता वय अठ्ठावन्न. छातीत थिनर बसलंय, डॉक्टरांनी स्प्रे-गनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. बायको पार्वतम्मा चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी अंजू बंगळुरात, कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत. गेल्या दिवाळीला ती आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर एक जहाज गोल फिरत होतं. मी मागून बघितलं आणि खेकसलो, "अगं, रंग असा कुठं उडतोय? दाराला हात जिथं लागतो तिथं उडंल की!" ती म्हणाली, "बाबा, माझ्यावर ओरडण्यापेक्षा यांच्यावर ओरडा," आणि जाताना आपला जुना लॅपटॉप मला देऊन गेली. वापरायचा कसा ते फोनवरून शिकवत राहिली, सहा महिने.

"यांच्यावर" म्हणजे जगभरातल्या काही हौशी माणसांवर. पंधरा वर्षांपूर्वीचा एक फुकट खेळ आहे. त्यातली जहाजं लांबून बरी दिसतात, जवळ गेलं की उन्हात विटलेल्या फ्लेक्ससारखी पुसट. जहाजांचे आकार तसेच ठेवून कातडी तेवढी नवी करायची, हे या मंडळींचं काम. कॉम्प्युटरमधलं जहाज म्हणजे नुसता पोकळ सांगाडा असतो. वहीला कव्हर घालतो तसं त्यावर चित्र गुंडाळावं लागतं. कातडी म्हणजे ते चित्र. पगारबिगार काही नाही. मी फोनमध्ये मराठीत बोलतो, फोन त्याचं इंग्रजी करून पाठवतो आणि आलेलं मराठीत करून देतो. त्या मंडळींचा म्होरक्या फिनलंडचा आहे. त्याचं तोंड मी बघितलेलं नाही, पण दिवसभरात माझ्याशी बोलणारा तोच एक. सकाळी उठल्यावर आधी विभूती लावतो, मग त्याचा निरोप बघतो. निरोप नसला तर तो दिवस लई लांब जातो. एखाद्या दिवशी दुपारी लाइट गेली की मी खुर्चीवरून उठतसुद्धा नाही. उठून जायचं कुठं?

पावसाळ्याच्या तोंडाला त्यानं मला त्यांचं सगळ्यात मोठं मालवाहू जहाज दिलं. खेळातल्या गोष्टीप्रमाणं त्या जहाजाला कधीतरी डाव्या बाजूला दगड लागलेला असतो आणि कुठल्यातरी बंदरावर ते दुरुस्त करून घेतलेलं असतं. दीड महिना खपलो. मालाची खोकी घासून दाराच्या कडा कशा उघड्या पडतील, पायरीवर बूट कुठं पडेल, नंबरावर नवा नंबर रंगवला की जुना खालून कसा दिसतो, सगळं केलं. डाव्या बाजूला वेगळ्या रंगाचं ठिगळ दाखवलं. मग पाठवून दिलं आणि वाट बघत बसलो.

उत्तर आलं. "इतका खरा रंग आम्ही कधी पाहिलेला नाही. पण डावी बाजू मेलेली आहे. तिथं कधी काही आदळलं होतं असं वाटत नाही. तो पत्रा नाही, कागद आहे."

मला असा राग आला की तीन दिवस लॅपटॉप उघडला नाही. चौथ्या दिवशी उघडला, डाव्या बाजूवर आडवा उजेड टाकला आणि बघितलं. त्याचं खरं होतं.

गोष्ट अशी की कातडीला दोन चित्रं लागतात. एक रंगाचं. दुसरं नुसतं राखाडी, त्यात पांढरं म्हणजे उंच आणि काळं म्हणजे खोल. उजेड त्या दुसऱ्या चित्राप्रमाणं वळतो. रंगाच्या चित्रात मला कुणी शिकवायची गरज नाही. पण पत्रा कुठं दबतो, कुठं फुगतो, दुरुस्त केल्यावर त्यात काय उरतं, हे मला कधीच नीट कळलेलं नव्हतं. कारण ते काम माझं नव्हतंच. ते दगडोबाचं होतं.

दगडोबा आमच्या गॅरेजचा डेंटर. पोचे काढणारा. तो पत्रा ठोकून सरळ करायचा, मी रंग द्यायचो. बावीस वर्षं एका शेडमध्ये, एका डब्यात. त्याच्या घरची ज्वारीची भाकरी, माझ्या घरची शेंगदाण्याची चटणी. गेली अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, आणि ते का, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. पार्वतम्मालाही नाही.

लातूरचे बसलिंगप्पा म्हणून डाळीचे व्यापारी. आमच्यातलेच, माझ्या सासुरवाडीच्या ओळखीतले. त्यांच्या जीपचं दार आत गेलं होतं. ते लातूर सोडून आमच्याकडं आले ते आमचं नाव ऐकून, आणि त्यांनी बजावलं होतं, "पत्रा ठोकून सरळ करा. लांबी भरायची नाही." लांबी म्हणजे पुट्टी. पोचा तसाच ठेवून वर पुट्टीचा थर दिला की दार गुळगुळीत दिसतं, पण वर्षा-दोन वर्षांत पापुद्रा सुटतो. दगडोबानं दोन दिवस ठोकलं आणि म्हणाला, "शेखर, आजून एक दिस लागंल. पत्रा ताणलाय." मला दुसऱ्या दिवशी उदगीरला लग्नाला जायचं होतं. तो जेवायला घरी गेला तेव्हा मी लांबी भरली, घासली, रंग मारला. चांगली बोटाएवढी जाड भरली.

संध्याकाळी बसलिंगप्पा गाडी न्यायला आले ते खिशात लोहचुंबक घेऊन. दोऱ्याला बांधलेलं. वर नुसता रंग असला तरी पत्र्याला ते चिकटतं, जाड लांबीवर चिकटत नाही. दाराला लावलं आणि ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. गॅरेजात दहा-बारा माणसं उभी होती. बसलिंगप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "राजशेखर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." आणि माझ्या तोंडून निघालं, "अप्पा, मी रंगारी माणूस. मला जसा पत्रा मिळाला तसा मी रंगवला."

दगडोबानं माझ्याकडं बघितलं. एक शब्द बोलला असता तर मी उघडा पडलो असतो. त्यानं हातोडा खाली ठेवला, फडक्यानं हात पुसले आणि गेला. दुसऱ्या दिवशी येऊन आपली हत्यारं पोत्यात भरून घेऊन गेला. मी उदगीरला लग्नात जिलेबी खात होतो.

त्यानंतर लोक म्हणायला लागले की दगडोबा लांबीवाला डेंटर आहे. मी त्यांना थांबवलं नाही. दोन-तीन वर्षांत त्याचं नांदेडातलं काम बंद पडलं आणि तो भोकरच्या पुढं हिमायतनगर रोडला, आपल्या गावी गेला. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करतो असं कानावर होतं. मी दर दसऱ्याला ठरवायचो की आपट्याचं पान घेऊन जायचं, आणि दर दसऱ्याला काहीतरी निमित्त निघायचं.

आता मात्र मला तो पाहिजे होता. जहाजासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. लॅपटॉप पिशवीत घातला आणि भोकरची बस धरली.

घर सापडायला वेळ लागला नाही, हातोड्याचा आवाज येत होता. दारात दगडोबाची बायको गुणाबाई ज्वारी पाखडत होती. तिनं मला ओळखलं, पण सूप खाली ठेवलं नाही.

"शेखरभाऊ, वाट चुकलाव का?"

"न्हाई वैनी. दगडोबाकडंच आलो."

"त्यायला ऐकू येत न्हाई आता. जन्मभर ठोकून ठोकून कान गेले. मी हातानं सांगती. तुमाला बोलायचं आसंल तर वरडा."

दगडोबा लिंबाच्या झाडाखाली एका चेपलेल्या कोठीपुढं बसला होता. केस सगळे पांढरे. त्यानं मान वर केली, मला बघितलं, आणि पुन्हा ठोकायला लागला. मी समोर दगडावर बसलो. मग मी लॅपटॉप काढला, जहाज लावलं आणि स्क्रीन त्याच्याकडं फिरवली.

तो दहा-पंधरा ठोके ठोकेपर्यंत बघत नव्हता. मग बघायला लागला. मग हातोडा ठेवून जवळ सरकला.

"हे कशाचं?" बहिऱ्या माणसाचा आवाज, गरजेपेक्षा मोठा.

मी वर आभाळाकडं बोट केलं.

"हाव?" तो म्हणाला, जणू आभाळातली वाहनं त्याच्याकडं रोजच दुरुस्तीला येतात. "उजेड फिरीव."

मी उजेड फिरवला. डाव्या बाजूवर आला तसं त्यानं बोट लावलं. "हितं काय झालं व्हतं?"

दगड लागून नीट केल्याचं मी हातवारे करून दाखवलं. त्यानं तोंड वाकडं केलं. "नीट केलेला पत्रा आसा ऱ्हात न्हाई. मार बसला की पत्रा ताणतो. किती बी ठोक, ताण कुठं जानार? लाट ऱ्हाती बाजूनं. बग."

त्यानं कोठी माझ्याकडं वळवली आणि कोळशानं तिच्यावर गोल काढले, बाहेरून आत, एकात एक. मधल्या गोलात हातोड्याचे ठसे दाट, बाहेर विरळ. कडेच्या रिव्हेटांकडं पत्रा कसा ओढला जातो तिथं रेघा मारल्या. मी तिथंच मांडी घालून राखाडी चित्रात ते उतरवायला लागलो. जरा काळं, जरा पांढरं. तो मान हलवायचा. "लई झालं. कमी कर. आजून. हां." चुकलं की माझ्या मनगटावर चापट मारायचा, पूर्वी शेडमध्ये मारायचा तशी. गुणाबाईनं न विचारता चहा आणून ठेवला. दोन तास गेले. शेवटी मी उजेड आडवा टाकून जहाज फिरवलं आणि डाव्या अंगावरून तो उजेड थबकत, वळत, दबून पुन्हा वर येत गेला. तिथं काहीतरी जोरात आदळलं होतं आणि कुणीतरी मन लावून ते दुरुस्त केलं होतं.

अकरा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता. हे असंच राहावं, एवढंच मला पाहिजे होतं. महिन्यातून एकदा यावं, असंच मांडीला मांडी लावून बसावं, त्यानं मनगटावर मारावं.

दगडोबानं चहाची बशी खाली ठेवली. स्क्रीनकडं बघत, राग नाही, चिडणं नाही, कामाचं विचारावं तसं त्यानं विचारलं, "पयल्यांदा काय केलं व्हतंस हितं? लांबी भरलीस का?"

मी म्हणालो, "दगडोबा, त्या जीपच्या दारात लांबी मीच भरली होती."

"काय?" त्यानं कानामागं हात धरला.

"लांबी मी भरली होती!"

"मोठ्यानं बोल."

मी गुणाबाईकडं बघितलं. वाटलं, ती हातानं सांगेल. ती हात पदरात घेऊन उभी राहिली. शेजारच्या अंगणातली बाई धुणं वाळत घालायची थांबली होती. रस्त्यावर एकानं मोटारसायकल उभी केली होती.

मग मी उभा राहिलो आणि छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं घालून ओरडलो. "बसलिंगप्पाच्या जीपला लांबी मी भरली! दगडोबानं न्हाई! दगडोबा आजून एक दिस लागंल म्हनला होता! मी खोटं बोललो! मी!" पुढं खोकला आला आणि मी खाली बसलो. डोळ्यांतून पाणी आलं, ते खोकल्याचं होतं असं मी सांगणार नाही.

दगडोबानं कानामागचा हात खाली घेतला. ऐकू गेलं होतं.

"ते मला कामून सांगालास?" तो म्हणाला. "मला म्हाईतच व्हतं. दार माझ्या हातचं व्हतं, मला न्हाई का कळनार? त्या गिराईकाला सांगायचं व्हतं तू."

आणि त्यानं कोठी आपल्याकडं ओढून घेतली.

गुणाबाई फाट्यापर्यंत आली. मी बसमध्ये चढताना तिनं मोबाइल नंबर सांगितला. "लातूरला गेलाव तर काय झालं ते कळवा. ते इचारनार न्हाईत. मी इचारते."

दोन दिवसांनी मी लातूरला गेलो. त्याआधी जहाज पाठवून दिलं होतं. खेळाच्या शेवटी ज्यांनी काम केलं त्यांची नावं येतात. माझ्या नावाच्या वर मी दगडोबाचं नाव लिहायला सांगितलं. फिनलंडवाल्याचा निरोप मला बसमध्येच आला. "डावी बाजू जिवंत झाली. पहिल्या नावाचा माणूस कोण? त्यांना आपल्यात बोलवा." मी फोनमध्ये बोललो, "त्याला बोलवायचा हक्क मला नाही." फोननं त्याचं काय इंग्रजी केलं कुणास ठाऊक. त्यानं हसरा चेहरा पाठवला.

बसलिंगप्पांचं दुकान मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अजून तिथंच आहे. व्यवहार मुलगा बघतो. अप्पा ऐंशीच्या पुढं गेलेले, गादीवर लोडाला टेकून बसलेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, समोर तुरीच्या डाळीचे नमुने कागदावर मांडलेले.

"शरणार्थी, अप्पा," मी हात जोडून आमच्यातला नमस्कार केला. "मी राजशेखर, नांदेडचा पेंटर."

"शरणार्थी. या, या. बसा." त्यांनी मला ओळखलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांचं नाव सांगितलं तेव्हा म्हणाले, "हां, हां. चांगली माणसं."

मी सगळं सांगितलं. जीप, दार, लोहचुंबक, लांबी. हमालांनी ऐकलं, मुलानं हातातला फोन बाजूला ठेवून ऐकलं. मला तसंच पाहिजे होतं, सगळ्यांसमोर. अप्पा मान हलवत होते.

"जीप होती खरी आपली," ते म्हणाले. "विकली. कधी विकली रे?"

मुलगा म्हणाला, "लई वर्षं झाली की."

"आणि लोहचुंबक तर मी सगळ्यांकडंच लावून बघायचो," अप्पा हसले. "सवयच होती मला. पण नांदेडला दार दिलं होतं होय? मला न्हाई आठवत. कोण म्हणालाव? दगडोबा?"

"दगडोबा. डेंटर. त्याची चूक नव्हती, अप्पा. त्याचं काम सच्चं होतं."

"बरं, बरं. आसंल." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. "एवढं कशाला मनाला लावून घ्यायलाव? जाऊ द्या. च्या घ्या."

मी चहा घेतला. नाही कसं म्हणणार? कडेला बसलेल्या हमालांचं बोलणं पुन्हा डाळीच्या भावावर गेलं होतं. ज्या एका वाक्यानं एका माणसाचं नांदेड सुटलं, ते ज्याला सांगितलं होतं त्याच्या डोक्यात एक दिवससुद्धा टिकलं नसावं. मी मात्र अकरा वर्षं या माणसाला भिऊन राहिलो होतो. त्याच्या नजरेत आपण खाली पडू नये म्हणून मी दगडोबाला खाली पाडलं होतं, आणि त्याला आम्हा दोघांतलं कुणीच आठवत नव्हतं.

बसस्टँडवर येऊन मी बाकावर बसलो आणि गुणाबाईला फोन लावला.

"सांगितलं का?" तिनं विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. अप्पा रडले म्हणून सांगितलं असतं, दगडोबाची माफी मागितली म्हणून सांगितलं असतं, तर कोण तपासायला जाणार होतं? दगडोबालाही बरं वाटलं असतं. कदाचित त्यानं मला पुन्हा बोलावलंही असतं. शब्द अगदी जिभेवर आले होते.

"सांगितलं, वैनी. सगळ्यांसमोर सांगितलं. पण त्यांना काहीच आठवत नाही. दारही नाही आणि दगडोबाही नाही."

मग पलीकडं बांगड्या वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. ती हातवारे करून त्याला सांगत होती. मग दगडोबाचा आवाज आला, फोनपासून लांबून, पण मोठा, बसस्टँडच्या गलक्यातसुद्धा स्वच्छ ऐकू येईल असा.

"त्याला नसंल आठवत! मला आठवतंय!"

"मलापण," मी म्हणालो. त्याला ते ऐकू जाणार नव्हतं.